आधी टेप लावा, मग पत्रा ठोका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला की जुन्या मोटारींच्या रॅलीचे फोटो आपल्या अंकात हमखास येतात. चकचकीत क्रोम, ताजा रंग, बॉनेटवर झेंडूची माळ. यातली एखादी गाडी समोरून पाहण्याऐवजी सरळ रस्त्यावर शंभरेक मीटर तिच्या मागोमाग जाऊन पाहावी. मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत नसलेल्या गाड्या वाटतात त्याहून जास्त निघतात. गाडी किंचित तिरपी, खेकड्यासारखी पळत असते. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी क्रॉस चालते’. कधीतरी मागच्या कोपऱ्यावर धडक बसलेली असते. डेंटरने पत्रा काढलेला असतो, पेंटरने रंग जुळवलेला असतो आणि खालचा एक्सल मात्र सरकला तिथेच राहिलेला असतो. मागून ठोकलेल्या जुन्या गाडीचे काम कोणत्या क्रमाने व्हावे, याबद्दल हे पत्र.

उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे घेतो. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, पण खासगी मालकांकडे या गाड्या अजून बऱ्याच आहेत. अँबेसिडरचा मागचा भागही तत्त्वतः असाच असल्याने पुढचे बहुतेक सगळे तिलाही लागू पडते.

या गाडीला वेगळी चासी नाही; बॉडी हीच चासी. मागे एकसंध एक्सल हाउसिंग (चाकांचे दांडे आत सामावणारी नळी) आणि दोन्ही बाजूंना लांबीत बसवलेले कमानपाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पाने रचलेल्या स्प्रिंगा. पाट्याचे पुढचे टोक हँगरमध्ये, म्हणजे बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये, बोल्टने पक्के धरलेले, मागचे टोक झुलत्या शॅकलवर (जोडपट्टीवर). पाटे गाडीचे वजन पेलतात आणि एक्सलला जागेवर धरण्याचे कामही तेच करतात. पाने एकत्र धरणाऱ्या मधल्या सेंटर बोल्टचे डोके हाउसिंगच्या गादीतल्या भोकात बसते आणि यू-बोल्ट सगळे आवळून धरतात. एक्सलची जागा या एका बोटभर बोल्टावर ठरते. मागच्या चाकावर तिरपी धडक बसली की पहिला तोच कापला जातो, यू-बोल्टच्या पकडीत हाउसिंग पाट्यावरून घसरते आणि तिथेच घट्ट बसते. बाहेरून काही तुटलेले दिसत नाही, गाडी चालते, म्हणून कुणी खाली वाकत नाही.

आकडा पाहा. मागच्या दोन चाकांतले अंतर साधारण १.२ मीटर, पुढच्या-मागच्या एक्सलमधले २.३४ मीटर. एक बाजू १० मिमी पुढे सरकली तर एक्सल जेमतेम अर्धा अंश तिरपा होतो, पण पुढच्या चाकांपर्यंत पोचेस्तोवर तो फरक जवळजवळ २० मिमी होतो. मग स्टिअरिंग थोडे वळवून धरले तरच गाडी सरळ जाते. मालक अलाइनमेंटवाल्याकडे जातो. तो टाय रॉड (पुढची चाके वळवणारी दांडी) फिरवून स्टिअरिंग सरळ करून देतो, आणि मूळ दोष कायमचा झाकला जातो. टायर मात्र खात राहतो.

म्हणून डेंटरकडे नेण्याआधी मोजमाप. एकदा पत्रा ओढला, ठोकला, की काय धडकेने सरकले आणि काय साखळीने ओढल्याने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मोजण्याआधीही एक पायरी आहे, गाडी हलवायची की नाही ही. पेट्रोलचा वास येतो का, टाकीच्या तळाला आणि पाइपच्या जोडाला ओल आहे का, ब्रेकची रबरी नळी ताणली किंवा चेपली गेली आहे का, टायर मडगार्डला घासतो का. यातले काहीही आढळले किंवा पाटा तुटलेला दिसला, तर मागची चाके रस्त्यावर ठेवून ओढत नेऊ नये. सपाट गाडीवर चढवून न्यावी.

मोजायला लागते काय? पाच मीटरची टेप, ओळंबा, दोरी, खडू. जमीन सपाट हवी, आणि ती डोळ्यांना दिसते तितकी सपाट कधीच नसते. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी चारही चाकांपाशी धरून खात्री करावी. दोन्ही बाजूंच्या टायरांत हवा सारखी भरावी. डिक्की रिकामी, स्टेपनीसुद्धा बाहेर. स्टिअरिंग सरळ. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलावी, मागचे दोन्ही कोपरे चार-पाच वेळा दाबून सोडावेत आणि मगच टेप लावावी. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचे पाटे एकमेकांत अडकलेले असतात. उंची १०-१५ मिमी खोटी निघू शकते.

उंची मडगार्डच्या कडेपासून मोजणे ही नेहमीची चूक. जो पत्रा चेपला आहे तोच मोजपट्टीचा खुंटा कसा होईल? जमिनीपासून पुढच्या हँगरच्या बोल्टापर्यंत आणि शॅकलच्या वरच्या बोल्टापर्यंत, दोन्ही बाजूंना मोजावे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे आणि बराच वेळ एकटाच, त्यामुळे उजवा पाटा काळाने थोडा बसलेला असतो. पाच-आठ मिमीचा फरक धडकेच्या खात्यावर टाकू नये. त्यापुढे गेला तर पाट्याच्या दोन्ही डोळ्यांमध्ये (टोकांच्या गोल वळणांमध्ये) दोरी ताणून मधला उठाव मोजावा आणि दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. उठाव सारखा आणि उंची वेगळी असेल तर दोष पाट्यात नाही, पाटा जिथे टांगला आहे तिथे आहे.

आता मुख्य काम. ओळंब्याने सहा जागा जमिनीवर उतरवायच्या: पुढच्या हँगरचे दोन बोल्ट, शॅकलचे वरचे दोन बोल्ट आणि मागच्या दोन चाकांचे मध्य. शिवाय पुढच्या चाकांचे दोन मध्य आणि पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या (आडव्या तुळईवरच्या) डाव्या-उजव्या सारख्या दोन जागा. प्रत्येक ठिकाणी खडूने फुली, शेजारी नाव. मग गाडी ढकलून बाजूला घ्यायची. फरशीवर ठिपक्यांची रांगोळी उरते, आणि जे गाडीखाली पडून अर्ध्या दिवसात कळले नसते ते इथे उकिडवे बसून पंधरा मिनिटांत कळते.

वाचायचे असे. आधी फक्त बॉडीचे ठिपके घ्यावेत. उजव्या हँगरपासून डाव्या शॅकलपर्यंत आणि डाव्या हँगरपासून उजव्या शॅकलपर्यंत, असे दोन कर्ण. मग क्रॉस मेंबरच्या ठिपक्यांपासून विरुद्ध बाजूच्या हँगरपर्यंत आणखी दोन. जुन्या बॉडीत जोडीजोडीत ५ मिमीपर्यंतचा फरक चालवून घ्यावा. १०च्या पुढे गेला तर बॉडी मुरडली आहे, आणि हे काम हातोड्याचे नव्हे, बेंचवर (लोखंडी चौकटीवर) बांधून ओढायचे आहे. बॉडीचे कर्ण जुळतात पण डाव्या-उजव्या बाजूची चाकांमधली लांबी जुळत नाही? मग बॉडी शाबूत आहे, एक्सल सरकला आहे. सेंटर बोल्ट, बुश (बोल्टाभोवतीचे रबर) किंवा पाट्याचा डोळा, यापैकी एक. खर्च पहिल्याच्या दहावा हिस्सासुद्धा नसतो. तिसरी शक्यता फसवी आहे: चाकांमधली लांबी दोन्हीकडे सारखी, पण एका बाजूची शॅकल दुसरीपेक्षा जास्त आडवी. म्हणजे बंपरवरचा मार डिक्कीच्या तळात गेला आणि शॅकलचा ब्रॅकेट पुढे सरकला. एक्सल हलला नाही, कारण त्याला पुढचा हँगर धरून असतो. नुसती चारचाकी अलाइनमेंट केली तर ही गाडी पास होते.

अलाइनमेंटचा विषय निघालाच आहे तर, कागदावर चारही चाकांचे आकडे मागून घ्यावेत. त्यात ‘थ्रस्ट अँगल’ म्हणून एक ओळ असते. मागचा एक्सल गाडीला कोणत्या दिशेने ढकलतो ते ती सांगते. शून्याच्या जवळ हवी. दुकानदार म्हणेल, मागे ॲडजस्टमेंटच नाही हो या गाडीला. बरोबर बोलतो तो. म्हणूनच तिथला आकडा बिघडला तर काहीतरी वाकले, तुटले किंवा सरकले आहे, हाच त्याचा अर्थ.

मग गाडी वर घ्यावी. बॉडीला भक्कम घोड्या, पुढच्या चाकांना उटी, आणि डिफरेन्शियलच्या गोळ्याखाली जॅक नको. सेंटर बोल्ट कापला गेला आहे का, हे न खोलताही ओळखता येते. यू-बोल्टच्या खालच्या प्लेटच्या कडेला पाट्यावर गंज आणि चिखलाची जुनी रेघ असते. प्लेट त्या रेघेवरून सरकली असेल तर शेजारी तीन-चार मिमीची चकचकीत, बिनगंजाची पट्टी उघडी पडलेली दिसते. बॅटरीचा झोत आडवा धरा, चटकन दिसेल. पाट्यातल्या पानांच्या कडा एकावर एक सरळ रेषेत हव्यात. पंख्यासारख्या पसरल्या असतील तर बाजूने मार बसला आहे.

मुख्य पाट्याची तडीची जागा ठरलेली: डोळ्याच्या वळणाशी आणि सेंटर बोल्टच्या भोकाशी. पाटा घासून स्वच्छ करावा, रॉकेल किंवा डिझेल चोळून अर्धा तास ठेवावे, फडक्याने कोरडा पुसावा आणि खडूची पूड भुरभुरावी. तडीत शिरलेले तेल हळूहळू वर झिरपते आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. तडकलेला पाटा बदलायचा. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. आचेने पाट्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि तो जोडाशेजारी पुन्हा तुटतो. बसलेल्या पाट्याला गॅसने लाल करून कमान देणेही तसलेच. ट्रकचे काम करणारा जाणता कमानवाला पाटा थंड ठोकून उठाव आणतो, आणि दोन्ही बाजूंचा एकदमच आणतो.

हँगर आणि शॅकलच्या ब्रॅकेटकडे मात्र संशयानेच पाहावे. किनारपट्टीची खारी हवा आणि चाळीस-पन्नास पावसाळे खाल्लेल्या या गाड्यांत तिथला पत्रा आधीच कमजोर असतो, आणि वरून काळ्या अंडरकोटिंगचा जाड थर. धडकेनंतर त्या थरात सरळ रेषेत चीर दिसली की खरवडून पाहायचेच. खाली उघडलेला स्पॉट वेल्ड किंवा पुट्टीने बुजवलेले गंजाचे भोक निघते. चुंबक लावला की पुट्टी लगेच उघडी पडते. डिक्कीचा गालिचा उचलून तळाला सुरकुती आहे का पाहावे. मागच्या दरवाजाची फट वरून खालपर्यंत सारखी आहे का तेही. वर चिमटलेली आणि खाली रुंद असेल तर गाडीची शेपटी वर उचलली गेली आहे.

राहिला एक्सल. मागचे एक चाक फिरवत रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरावा. जिथे घासेल तिथे खूण उमटते. खूण रिमभर सारखी उमटली तर ठीक. एकाच जागी उमटली तर चाक काढून एक-दोन भोके पुढे सरकवून पुन्हा बसवावे आणि पुन्हा खडू धरावा. नवी खूण रिमच्या त्याच जागी आली तर रिम वाकडी. जागा बदलली, म्हणजे ड्रमच्या त्याच खुणेसमोर आली, तर एक्सल शाफ्ट (हाउसिंगच्या आत फिरणारा दांडा) किंवा चाक बसते ती त्याची फ्लँज वाकली आहे. वाकलेला शाफ्ट सरळ करून घालू नये; प्रत्येक फेऱ्याला तो वाकतो-उलगडतो आणि एक दिवस तुटतो.

हाउसिंगची नळी वाकली असेल तर चाक फिरवून काहीच कळत नाही, कारण ती फिरत नाही. अशा वेळी गाडी पुन्हा चाकांवर उतरवून, थोडी पुढे-मागे ढकलून, मागच्या दोन टायरांतले अंतर एक्सलच्या पुढे आणि मागे एकाच उंचीवर मोजायचे. टेप झोळ खाते. एकात एक सरकणारे दोन पीव्हीसी पाइप घेतले तर माप नेमके येते. मोजलेल्या जागेवर टायरला खूण करून गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी ढकलावी आणि तीच खूण दुसऱ्या बाजूला आली की मोजावे, म्हणजे रिमचा वाकडेपणा त्यात येत नाही. एकसंध एक्सलला दोन्ही मापे सारखीच हवीत. दोन मिमीच्या वर फरक असेल तर हाउसिंग काढून तपासायला द्यावे.

शॉकअपबद्दल थोडक्यात. तेल गळतेय का हे सगळेच बघतात. दांडा वाकलाय का हे फार थोडे. वाकलेला दांडा मध्येच अडकतो, तो कोपरा उंच राहतो आणि लोक म्हणतात या बाजूचा पाटा छान आहे! दोन्ही शॉकअप काढून हाताने पूर्ण लांबीभर ओढून-दाबून पाहावेत.

जोडणीत दोन गोष्टी हमखास चुकतात. यू-बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरू नयेत; नवे घालून मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळावेत आणि ५०० किमीनंतर पुन्हा पाना लावावा. दुसरी चूक बुशांची. गाडी घोड्यांवर, चाके लोंबकळत असताना हँगरचा आणि शॅकलचा बोल्ट आवळला, तर रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली उतरली की तो कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हातानेच बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, कोपरे दाबावेत आणि मग आवळावेत.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कोलकात्याच्या मल्लिक बझारात पाटे शोधणाऱ्यांनी पाट्यातल्या पानांची संख्या आणि जाडी मोजूनच घ्यावी. सीएनजीवर चाललेल्या टॅक्सीच्या पाट्यात सिलिंडरच्या ओझ्यासाठी एखादे पान जास्तीचे असू शकते. एका बाजूला मूळचा आणि दुसऱ्या बाजूला असा पाटा बसला की गाडी कलते, आणि पुढचा मेकॅनिक नसलेली धडक शोधत बसतो.

प्रत्येक जुनी गाडी अशी नसते, हेही सांगायला हवे. स्टँडर्ड हेराल्डला वेगळी चासी, मागे एकच आडवा पाटा आणि दोन्ही अर्धे एक्सल स्वतंत्र झुलणारे. ती जॅकवरून उतरवली की मागची चाके पाय आवळल्यासारखी उभी राहतात आणि नवखा घाबरतो. आधी ढकला, मग बोला. बीटलमध्ये तर मागे पाटाच नाही, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) आहेत. ओळंब्याची रांगोळी मात्र सगळ्यांना चालते.

विम्याबाबत. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, ती पॉलिसी घेतानाच फोटो आणि मूल्यांकनासह ठरवून घ्यावी. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. मजुरीवर घसारा नसतो, आणि या कामात खर्च मुख्यतः मजुरीचाच, म्हणून बिल भाग आणि मजुरी असे वेगळे करून घ्यावे. सर्व्हेयरने पहिल्या भेटीत फक्त पत्रा लिहिला असेल, तर वरची मापे तारखेसह कागदावर आणि ओळंबा-टेप दिसेल अशा फोटोंसह द्यावीत, आणि गाडी खोलल्यावर पुन्हा पाहणीची लेखी मागणी करावी. आधी खोलून नंतर कळवले तर वाद ठरलेला.

५० वर्षे ओलांडलेल्या गाड्यांना आणखी एक पेच आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी हवी तर गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या रांगेत आल्या आहेत. धडकेनंतर ‘जुना एक्सल मिळत नाही, दुसऱ्या गाडीचा बसवून देतो’ म्हणत हँगर कापून नवे ब्रॅकेट वेल्ड करणारे कारागीर आहेत. गाडी चालेलही, नोंदणीच्या वेळी ते कापकाम कुणाला समजावणार? मूळ ब्रॅकेटच्या जागी त्याच मापाचे, त्याच भोकांचे ब्रॅकेट, आणि चासी नंबर कोरलेल्या पत्र्याला हात नाही, एवढे मेकॅनिककडून आधीच कबूल करून घ्यावे.

काम झाले की शेवटची तपासणी फुकटातली आहे. कोरड्या, सरळ सिमेंटच्या रस्त्यावर बादलीभर पाणी ओतून गाडी त्यातून सावकाश सरळ न्यावी. ओल्या चाकांचे पट्टे उमटतात. पद्मिनीचा मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतले अंतर) पुढच्यापेक्षा थोडा कमी असल्याने मागचा पट्टा पुढच्याच्या किंचित आत पडतो, आणि तो दोन्हीकडे सारखाच आत हवा. डावीकडे आत आणि उजवीकडे बाहेर पडला, तर रंगाचे पैसे द्यायच्या आधी गाडी परत आत घ्यायला सांगावे.

आपला,
एक गॅरेजवाला, कुर्ला
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)